लालीबाई आणि इंदूबाईची सांदवाडी

फोन आला तेव्हा लालीबाई वावरात कापूस वेचत होती. पलीकडून दारव्ह्याहून इंदूबाई बोलत होती. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती लेकीकडे, निकिताकडे, नागपूरला गेली होती, ती दहा महिन्यांनी परवाच घरी परतली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "लाली, सांदवाडीचं दारच उघडून नाही राह्यलं व. मागून गवतानं दाबून धरलं."

ये म्हणून काही तिनं म्हटलं नाही. पण सव्वीस वर्षं एका अंगणवाडीत काढल्यावर एवढं कळायला वेळ लागत नाही. इंदूबाई सेविका होती, लालीबाई मदतनीस. आपल्या बंजारा तांड्यावरची पोरं गोळा करून गावातल्या अंगणवाडीत आणायची, खिचडी शिजवायची, हे लालीबाईचं काम. पोरांना मराठी यायची नाही, ती रडायची. मग लालीबाई त्यांना मांडीवर घेऊन त्यांच्या गोरबोलीत गोष्ट सांगायची. निम्मी पोरं तिला याडी, म्हणजे आईच म्हणायची. स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. पण कोणत्या पोराचं वजन घटलं, हे ती तराजूआधी सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवीत विळा अन् कुदळ टाकली तसा नवरा देवीलाल कुरकुरला. "आपला कापूस फुटून राह्यला, अन् तू लोकायचं गवत कापाले चालली?"

"लोकायचं नाही, बाईचं," ती म्हणाली आणि दारव्ह्याच्या जीपमध्ये जाऊन बसली.

इंदूबाईच्या घरामागच्या परसातली ती सांदवाडी म्हणजे तिच्या नवऱ्याचा, भगवानरावांचा, जीव होता. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. आता तिथं कमरेएवढं गाजरगवत, तरोटा, भिंतीला लागून एरंड, आणि लिंबाच्या झाडावर, भिंतीवर गुळवेलीचं जाळं. लालीबाई खिडकीतून पलीकडे उतरली, आधी काठीनं गवत झोडपलं, म्हणजे जनावर असेल तर निघून जावं, आणि मग विळा चालवायला लागली. दुपारपर्यंत दार उघडलं. इंदूबाई उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली, काठीनं दाखवू लागली. "तो कढीपत्ता हाय, सांभाळ! अन् तिकडं यायनं हळद लावलती."

"दिसते मले, बाई. तुम्ही पाय लांब करून बसा."

असं हसत-बोलत पहिला दिवस गेला. रात्री लालीबाई तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी इंदूबाई चहा ठेवायला आत गेली असताना लालीबाईनं भिंतीवरचं जाळं ओढलं. त्यात गुळवेलीनं गुंडाळलेला एक वाळलेला वेल होता. वाकवला तर कडकन मोडला. तिनं तो बुडापासून कापला आणि ढिगावर टाकला.

इंदूबाई कप घेऊन आली आणि किंचाळलीच. "जाई तोडली तू? यायनं लावलेली जाई? इचारता नाही येत? तुमच्या तांड्याच्या लोकायले सारं जंगलच वाटते!"

लालीबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग नळावर विळा धुतला, पिशवी उचलली आणि चहा न घेताच निघाली.

जीपमध्ये तिला एकेक आठवत गेलं. इंदूबाईच्या डब्यातली पोळी तिनं कितीदा खाल्ली होती. पण लसीकरणाला इंदूबाई तांड्याच्या तोंडाशी असलेल्या देवळापर्यंतच यायची, पाण्याची बाटली घरून आणायची. घरी कधी आली नाही. लालीबाईनं हे आजवर मनात धरलं नव्हतं.

चार दिवस ती कापूस वेचत राहिली. फोन आला नाही, तिनंही केला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी देवळापाशी ऑटो थांबला. काठी टेकत इंदूबाई उतरली आणि लालीबाईचं घर कोणतं, म्हणून विचारू लागली. विचारताना तिची तिलाच लाज वाटली. ममता पुढं झाली. लहानपणी ती याच दोघींच्या अंगणवाडीत होती, आता स्वतःच्या लेकराला कडेवर घेऊन उभी होती. तिनं बाईंना हाताला धरून घरापर्यंत आणलं.

लालीबाई नुकतीच वावरातून आली होती. तिनं खाट टाकली. पाण्याचा तांब्या भरला आणि हातात धरून क्षणभर थबकली. इंदूबाईनं हात पुढं करून तांब्या घेतला, अर्धा रिकामा केला.

"जाई वाळेलच होती," ती म्हणाली. "नागपूरवरून आली तवाच खिडकीतून पाह्यली मी. पण मन मानत नव्हतं. तू कापली अन् मंग सारा राग तुह्यावर निघाला."

"जाईचं काही नाही, बाई," लालीबाई सावकाश म्हणाली. "तांड्याचं बोलल्या, ते लागलं."

"हो. त्याचंच सांगाले आली. लय वाईट बोलली मी." इंदूबाईचे डोळे भरले. "अन् सव्वीस वर्सात तुहं घर माहीत नाही मले. हे तं आज इचारत आली तवा समजलं."

राग एकदम जात नसतो, तो लालीबाईचाही गेला नाही. ती चुलीपाशी बसली, पीठ मळलं. खरपूस भाकर अन् अंबाडीची भाजी तिनं ताटात वाढली. इंदूबाई खाटेवरच बसून जेवली, दुसरी अर्धी भाकर मागून घेतली. तिखटानं नाक पुसत म्हणाली, "मिरच्या किती टाकतं व!"

तेव्हा कुठं लालीबाई हसली. "खिचडीत तुम्ही टाकू नव्हत्या देत, म्हणून घरी टाकतो."

कापूस आटोपल्यावर ती पुन्हा दारव्ह्याला गेली. या खेपेला कुदळ देवीलालच्या खांद्यावर होती. एरंडाची खोडं त्यानं उपटली, लालीबाईनं वाफे केले, आणि इंदूबाईनं खुर्चीवरून वाकून मेथीचं बी फेकलं. बरंचसं एकाच जागी पडलं. लालीबाईनं ते हातानं पसरून घेतलं.