नाही आणि ठाऊक नाही

झरीच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. देव नाही, हे हॉटेलात चहा पिताना टेबल ठोकून सांगायचो. ‘असंलही, नसंलही, आपल्याला काय ठाऊक’ म्हणणाऱ्यांचा तर मला जास्तच राग. देव मानणारा निदान एका बाजूला तरी असतो. ह्यांचं आपलं तळ्यात-मळ्यात. आम्ही लिंगायत, पण गळ्यातलं लिंग मी कॉलेजात असतानाच काढून आईच्या हातात दिलं होतं.

बायकोनं मात्र तिचं कधी उतरवलं नाही. रोज आंघोळ झाली की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, विभूती, बेलाचं पान. तोवर चहासुद्धा नाही. मी टिंगल करायचो, ती ऐकून घ्यायची. मग अर्धांगवायूनं तिचा डावा हात गेला.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं पूजेसाठी माझा हात मागितला. मी म्हणालो, माझा विश्वास नाही, उगीच ढोंग कशाला.

“विश्वास माझा हाय,” ती म्हणाली. “तुमचा नुसता तळहात पायजे.”

दीड वर्ष रोज सकाळी मी तिच्यासमोर डावा तळहात पुढं धरून बसलो. पाणी मनगटावरून बाहीत जायचं आणि मी कुरकुरायचो. लय बरं वाटायचं, हे तिला एकदाही सांगितलं नाही.

एकदा पूजा संपल्यावर तिनं विचारलं, “अवो, खरं सांगा. मी गेल्यावर आपुन परत भेटूत का?”

“न्हाई,” मी म्हणालो. खोटं बोलायचं नाही म्हणे! केवढा माज होता मला खरेपणाचा.

“बरं,” म्हणून तिनं एका हातानं लिंग कापडात गुंडाळलं आणि चहा मागितला.

महिन्याभरात ती गेली. आमच्यात जाळत नाहीत. बसवून माती देतात, हातात लिंग ठेवून. तेही तिच्यासोबत गेलं.

आता घरात मी एकटा. पोरगी पुण्याहून फोन करते, जेवलात का विचारते, मी जेवलो म्हणतो. सकाळ मात्र सरता सरत नाही. प्रयोग न करता निष्कर्ष लिहिणाऱ्या पोरांना मी शून्य मार्क द्यायचो, वह्या भिरकावायचो. मी कुठला प्रयोग केला होता? मला ठाऊक नव्हतं, आणि तेवढंच खरं होतं. तेवढं बोललो असतो तरी तिला पुरलं असतं.

चहाच्या आधी डावा हात अजून आपोआप पुढं येतो. तसाच धरून वाट बघायलोय. कशाची, ठाऊक न्हाई.