सात घुबडांचा स्प्रूस

निवृत्तीनंतर झूराकान-एजे बिश्केकच्या उद्यानात नुसत्या फिरत नसत. तीस वर्षे ट्रॉलीबस हाकलेल्या या बाईंनी तेथील पायवाटेवरही नऊ थांबे नेमले होते. खारींचा थांबा, साळुंक्यांचा थांबा. प्रत्येकी दोन मिनिटे. मी त्यांचा शेजारी; 'एजे' म्हणजे ताई. एखाद्या सुतारपक्ष्यापाशी रेंगाळलो, की मागून हुकूम येई, "दार बंद होतंय!"

त्या जानेवारीत सातव्या थांब्यावरील स्प्रूस या सूचीपर्णी झाडात त्यांना लांब कानांची सात घुबडे सापडली. दिवसा ती खोडालगत झोपत आणि इतकी फांदीसारखी दिसत, की मला पहिले घुबड चौथ्या दिवशी दिसले. एजे तेथे वीस-वीस मिनिटे उभ्या राहू लागल्या. आणि एका शुक्रवारी त्याच खोडावर लाल फुली उमटली : सोमवारी झाड तोडायचे.

त्यांनी मुकादमाला गाठले.

"तोलोगोन, वर सात जण झोपलेत."

"एजे, माझ्या कागदावर वाकलेलं झाड आहे. झोपलेल्यांचा रकाना नाही."

"मग आख की एक!"

"सोमवारी निरीक्षक येताहेत, त्यांना दाखवा. दिसली, तर करवत परत नेतो."

निरीक्षकांना नेमकी फांदी दाखवता यावी, म्हणून एजेंनी रुमाल फाडून तिला पांढरी चिंधी बांधली. झाडाला चिंधी बांधून नवस बोलणाऱ्या मुलखात इतरांना या खुणेचा अर्थ काय लागेल, हे त्यांच्या ध्यानी आले नाही, माझ्याही नाही.

शनिवारी चिंध्या अकरा झाल्या. रविवारी त्या मोजता येईनात. कोणी परीक्षेसाठी, कोणी सुनेसाठी आले होते.

"अहो, ती माझ्या रुमालाची चिंधी आहे!" एजे ओरडल्या.

"तुझंच पुण्य, बाई," एक आजी म्हणाल्या. "तुला आधी कळलं. वर घुबडंही आहेत म्हणे? नातवाला दृष्ट लागू नये म्हणून टोपीला एखादं पीस मिळेल का?"

या गलबल्याने संध्याकाळपर्यंत सातही घुबडे उडून गेली.

सोमवारी निरीक्षक आले, तेव्हा एजेंकडे दाखवायला काहीच उरले नव्हते. मात्र करवतवाल्याने करवत बर्फात ठेवली.

"नवसाचं झाड मी नाही कापणार. बायकोला सातवा महिना आहे."

निरीक्षकांनी टोपी सारखी केली. "राहू दे. पण कागदावर एक झाड लागतं. तिकडचा तो स्प्रूस घ्या, तोही वाकलाय."

एजेंनी तिकडच्या स्प्रूसकडे पाहिले आणि मनगट धरून मला ओढत तेथे नेले. वर, खोडालगत, सात फांद्या जराशा जास्तच जाड होत्या.

दोन दिवस घसा सुकेपर्यंत 'इथे देव-बिव काही नाही' असे सांगणाऱ्या त्या बाईंनी प्रार्थनेसाठी दोन्ही तळवे उघडले आणि त्या ओठ हलवू लागल्या. घुबडांसाठी कागदावर रकाना नव्हता; नवसापुढे मात्र करवत थांबली होती. तोलोगोनने वर पाहिले, एजेंकडे पाहिले, आणि सर्वांआधी तळवे चेहऱ्यावरून फिरवत म्हणाला, "ओमीन."

"हेही नवसाचं?" निरीक्षकांनी दबक्या आवाजात विचारले.

"हे तर जास्तच कडक," एजे कुजबुजल्या. "इथे चिंधी चालत नाही. गर्दी चालत नाही. आणि साहेब, मोठ्यानं बोललेलं तर मुळीच खपत नाही."

निरीक्षकांनी हातानेच करवत परत न्यायची खूण केली आणि ते चवड्यांवर मागे सरकले.