शोकेसमधला अजगर

आमच्या ह्यांनी पाळलेला बॉल पायथन जातीचा अजगर हॉलमधल्या शोकेसमध्ये चेंडूसारखं अंग गुंडाळून बसला आहे. डोकं त्याने वेटोळ्यांच्या मधोमध लपवलंय. तीन आठवडे झाले, समोर ठेवलेल्या उंदराला त्याने तोंड लावलेलं नाही.

आणला तेव्हा अंगठ्याएवढा जाड होता. प्लास्टिकच्या लहानशा डब्यात राहायचा, अंग सगळीकडून टेकायचं, आणि पटकन खायचा. वाढला तसं ह्यांनी त्याला हे काचेचं दालन दिलं. वर दिवा, तिन्ही बाजूंनी आरपार दिसणारं. पाहुणे काचेवर टिचक्या मारतात. "एवढं मोठं घर दिलं तरी नखरे," असं हे म्हणतात.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. दोन खोल्यांतून या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ह्यांनी स्वयंपाकघराची भिंत पाडून ओपन किचन केलं. आता मी भाकरी थापते आणि सोफ्यावरची माणसं माझी पाठ बघतात. देणाऱ्याला आपलं देणं सतत दिसत राहावं लागतं. आसरा मात्र अंधारा असतो, अंगाला टेकणारा, आणि तो पाहुण्यांना दाखवता येत नाही.

आज दुपारी मी बाल्कनीतली कड फुटलेली कुंडी धुतली आणि शोकेसमध्ये पालथी घातली. थोडा वेळ त्याची जीभ लवलवली, मग तो फटीतून आत सरकला आणि दिसेनासा झाला.

संध्याकाळी हे आले, बूट न काढताच काचेसमोर उभे राहिले. "अगं, आता लोकांना दिसणार कसा?"

मी ओट्याकडे वळले आणि सोफ्याकडे पाठ करून भाकरी थापायला लागले. घरात फुटकी कुंडी एकच होती.