दारं नसलेलं कपाट

वन्सं गेल्या, त्याच्या आदल्या दुपारी त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. मला वाटलं, आता काही निरवानिरव सांगतील. तापानं ओठ सुकले होते, आवाज खोल गेला होता... आणि म्हणाल्या, "वहिनी, ते अस्वलाचं पुस्तक फायरमनच्या मुलीकडे आहे. मागायला जाऊ नका. पुरं होऊ दे तिचं." माझ्याशी झालेलं हे त्यांचं शेवटचं बोलणं. माझ्यासाठी नाही, भावासाठी नाही, अस्वलासाठी! मला तेव्हा रागच आला होता, खोटं कशाला सांगू.

नवऱ्याची बहीण म्हणून मी त्यांना जन्मभर वन्सं म्हटलं. कर्जतला त्या मुलींच्या शाळेतल्या यमुनाबाई होत्या. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेल्या. भावानं चार लोकांची बोलणी खाऊन त्यांना शिकवलं, मास्तरीण केलं. पुढे गावच्या वाचनालयात मुलांसाठी एक कपाट आलं, तेव्हा ते सांभाळायला कोणी पुढे होईना, म्हणून ते वन्संच्या गळ्यात पडलं. पुस्तकं निवडली होती कमिटीनं. बहुतेक सगळी उपदेशाची. शिवाय चिटणीस अण्णासाहेबांनी एक बक्षीस ठेवलं होतं : जो मुलगा किंवा मुलगी घरी नेलेलं पुस्तक एकही डाग न पाडता परत आणील, त्याला बत्ताशांची पुडी. वर्षभर पुस्तकं गेली तशी कोरी करकरीत परत आली. अण्णासाहेब खूश, कमिटी खूश, आणि सुरुवातीला वन्संही खूश.

एके दिवशी पलीकडच्या भातशेतीच्या गावातली एक मुलगी पुस्तक परत घेऊन आली. वन्संनी सहज विचारलं, "काय झालं गं गोष्टीत शेवटी?" मुलगी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागली. मग म्हणाली, "बाई, आमी उघडलंच नाय. आयनं फडक्यात बांदून देवापाशी ठेवलं व्हतं. उघडलं तर मळंल म्हनली, मंग बत्तासं नाय मिळायचं." वन्संनी दुसऱ्या मुलाला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळीकडे तीच कथा. कोणाचं पुस्तक कणगीवर, कोणाचं शिंक्यात. त्या संध्याकाळी घरी आल्या त्या जेवल्या नाहीत. मी खोदून विचारलं तर म्हणाल्या, "वर्षभर मी पुस्तकांना हवापालटाला पाठवत होते, वहिनी."

दुसऱ्या दिवशी बत्तासे बंद. एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या वन्सं कसल्या! त्यांनी सुतार बोलावला आणि कपाटाची दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट काढवली. ती सागवानी दारं आडवी टाकून, खाली ठोकळे देऊन त्यांचा बाक केला. मुलांनी यावं, हवं ते पुस्तक ओढावं, दारावर बसून वाचावं, आवडलं तर घरी न्यावं. अण्णासाहेब धावत आले. "यमुनाबाई, हे वाचनालय आहे, पाणपोई नव्हे!" वन्सं म्हणाल्या, "मला तर पाणपोईच हवी आहे." कमिटीनं कपाट काढून घेण्याची धमकी दिली, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "न्या. मी पुस्तकं बाकाखाली ठेवीन." कपाट राहिलं.

मग पुस्तकं मळायला लागली, आणि वन्संचा चेहरा उजळायला लागला. घाट चढवायला गाड्यांना मागून इंजिन जोडतात, त्या इंजिनांवरच्या ड्रायव्हर-फायरमनांच्या चाळीतून पुस्तक आलं की पानापानावर कोळशाचा अंगठा. वाडीवरच्या मुलांकडून आलं की करवंदाचा चीक. गावातलं असलं तर हळद. कोणतं पुस्तक किती मळलं, यावर त्या पुढची खरेदी ठरवीत. खालापूरकडच्या शाळांतले मास्तर विचारायला येत, मुलांसाठी कोणती पुस्तकं मागवू? वन्सं फाटकी पुस्तकंच त्यांच्यापुढे टाकीत. "धाकट्यांसाठी, ज्याचा कोपरा चघळलेला आहे ते घ्या. मोठ्या मुलांसाठी, ज्याची शेवटची पानं सुटली आहेत ते. शेवट आवडला की मुलं पुन्हा पुन्हा तिथंच उघडतात." आणि उपदेशाची कोरी पुस्तकं? ती त्यांनी गठ्ठा बांधून कमिटीच्या खोलीत पाठवली. मोठ्यांना जास्त गरज आहे, म्हणाल्या.

सुटलेली पानं चिकटवायची खळ मात्र माझ्या चुलीवर व्हायची. भाजीच्या आधी खळ! मी कुरकुरायची, "वन्सं, कणीक पोळ्यांना ठेवाल का थोडी?" त्या हसायच्या आणि आणखी एक मूठ घ्यायच्या. आता सगळी कणीक माझीच आहे... आणि पोळ्या करताना हात थांबतो.

गेल्या महिन्यात दुखवट्याची सभा झाली. अण्णासाहेब गहिवरून बोलले, आणि ते खोटं नव्हतं. मग त्यांनी ठराव मांडला : बाईंचा हात लागलेली पुस्तकं आता जपली पाहिजेत. कपाटाची दारं पुन्हा बसवावीत, कुलूप घालावं, वर बाईंची तसबीर लावावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सभेत बोलणारी बाई नव्हे. पण उठले आणि म्हटलं, "असं करू नका. त्यांना दुसऱ्यांदा मारू नका." तरीही ठराव झाला.

सोमवारी सुतार दारं बसवायला येणार, असं कळलं. मी सकाळचं आवरून वाचनालयात गेले आणि बाकावर जाऊन बसले. सुतार तोच, आता म्हातारा झालेला. म्हणाला, "वयनी, उठता का जरा? दारं बसवायची हायत." म्हटलं, "नाही उठत. आजही नाही, उद्याही नाही. अण्णासाहेबांना सांगा, इथं यमुनाबाईंची भावजय बसली आहे." त्यानं बाकाच्या कडेवरून एकदा हात फिरवला. "मीच काढली व्हती ही," एवढं बोलून त्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि गेला. अण्णासाहेबांकडून अजून निरोप नाही. येईल तेव्हा येईल. मी रोज जाते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलं आली आणि माझ्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं बसली. शेवटी फायरमनची मुलगी आली. छातीशी अस्वलाचं पुस्तक, कडेकडेनं काळे अंगठे. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "काकू, बाई तर गेल्या... आता हे कुनाला द्यायचं? शेवटचं पान पन सुटलंय."

म्हटलं, "दे इकडे." खळ मी घरून करूनच आणली होती.