बिनफोडणीचं वरण

लिहिलेलं मी आधी स्वयंपाकघरात वाचते. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो दुसऱ्या पानावर घोरतो. साहित्यिक मित्रमंडळी 'वेगळा प्रयोग आहे हं' म्हणतात, चहा पितात आणि जातात. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मात्र पोळ्या लाटता लाटता कान देऊन ऐकतात. कंटाळल्या की लाटण्याचा आवाज वाढतो. तेवढा भाग मी गुपचूप काढून टाकते.

गेल्या उन्हाळ्यात कादंबरी संपत आली. नागपूरच्या इतवारी बाजारात सून आणि हातगाडीवाल्यांना हाताशी घेऊन भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट. म्हातारी माझ्या मनातलीच, पण तिच्यासाठी धरमपेठेतून इतवारीत इतक्या चकरा मारल्या की गरज नसताना घरात पितळेचे सात गंज, म्हणजे उभी पातेली, जमले. महिनाअखेर हस्तलिखित प्रकाशकाला द्यायचं होतं. शेवट जमला नाही तर चार वर्षं पाण्यात, एवढाच घोर होता.

शेवटी म्हातारी मरते. मी दोनच वाक्यं लिहिली होती. 'सकाळी दुकान उघडलं नाही. म्हातारी गेली होती.' वाचून थांबले. मनात म्हटलं, वा, काय संयम आहे बाई! मावशींनी शेवटची पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वरणाला फोडणी नव्हती. भाजी नुसती उकडलेली. तिसऱ्या दिवशीही तेच. नवरा ताटाकडे बघून म्हणाला, "आपल्यापैकी कोणाचं बीपी वाढलंय का?" माझा पारा चढला. बाहेर ऊन मी म्हणतंय, कूलरमध्ये पाणी नाही, त्यात हे!

"मावशी, फोडणी काहून नाही?" चिडले की मीही नागपुरीवर येते.

"सुतक आहे नं, ताई."

"अगंबाई! कोण गेलं?"

"कोन म्हंजे? दुकानवाली नाही का गेली! मी लांबची, मले तीन दिवस पुरे. आज फिटले. पन तुम्ही तं जन्म दिला तिले. तुम्हाले दहा दिवस."

मी हसत सुटले. "अहो मावशी, ती खोटी आहे!"

"मंग मले काहून हसवून-रडवून राहिल्या होत्या इतके दिवस?"

माझं हसू तिथेच आटलं. रागही आला. म्हटलं, "बरं, जिवंत करते तिला. माझी कादंबरी आहे!"

"तसं नका करू जी. मेलं मानूस मेलं. पन एवढी मोठी बाई, दोन वाक्यांत नेली? सुनेनं काय केलं? हातगाडीवाले आले का नाही? तुम्हाले घाई झाली होती, ताई."

झाली होती. संयम-बिंयम काही नव्हता. मी थकले होते, आणि तिचं मरण डोळ्यांनी बघायची माझी हिंमत नव्हती. पोळपाटावरून कोणीतरी हे सांगावं याची लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

मग काय, पाळलं सुतक. उरलेले सात दिवस बिनफोडणीचं वरण, नवऱ्याची कुरकुर आणि मी लिहीत बसलेली. गल्लीत हातगाड्या थांबल्या. सुनेनं शटर अर्धंच उघडलं. जन्मभर म्हातारीशी भांडलेला समोरचा दुकानदार तिच्याकडून नेलेला गंज घासूनपुसून परत ठेवून गेला. ते लिहिताना मी भोकाड पसरून रडले. चार वर्षांत तिच्यासाठी पहिल्यांदाच.

अकराव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात वाचायला बसले. लाटण्याचा आवाज वाढला नाही. वर बघितलं तर लाटणं थांबलेलंच होतं.

वाचून झालं. मावशींनी पदरानं डोळे पुसले, कढई चढवली, तेल तापू दिलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, लाल मिरची पडली. घरभर ठसका उठला. आतून नवरा खोकत ओरडला, "आली वं फोडणी!"

मावशींनी वरणाचं भांडं माझ्यासमोर ठेवलं.

"आता गेली ती नीट," त्या म्हणाल्या. "जेवा आता."