प्रॉस्पेरचं चीज

आनिव्हिए खोऱ्यात पोराचा बाप्तिस्मा झाला की त्याच वर्षी त्याच्या मयताचीही सोय करून ठेवायची जुनी रीत. चीजचं एक मोठं चाक तळघरात जातं, आणि तो माणूस गेला की दफनानंतर गावाने ते कापून खायचं. प्रॉस्पेरचं चाक त्याच्या आईने घातलेलं.

प्रॉस्पेरने लग्न केलं नाही. गाई पाळल्या, खालचा द्राक्षमळा राखला आणि गावातल्या प्रत्येकाशी एकदा तरी भांडून घेतलं. गावात संग्रहालय निघालं तेव्हा अशाच तिरमिरीत त्याने आपलं चाक तिथे नेऊन आदळलं. "मला खांदा द्यायला चार माणसं मिळायची मारामार, चीज कोण खाणार?" म्हणाला. तरी दर रविवारी प्रार्थना आटोपली की स्वारी संग्रहालयात हजर. कपाट उघडायला लावायचं, चाक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायचं, उलटं करून ठेवायचं. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो तिथला नोकर वाटे. तोही त्यांच्यावर खुशाल खेकसायचा, "हात लावू नका!"

संग्रहालय सांभाळते युफेमी, त्याच्या चुलतभावाची मुलगी. साठीला आलेली, तीही एकटीच. या रविवारी तिने कपाट उघडलं, पण फडकं काही दिलं नाही.

"काका, कीड पडलीय. समिती उद्या वरून लाखेचा लेप देणार."

"लाख? मग खायचं कसं?"

"खायचं नाही, नुसतं बघायचं. लेप नको असेल तर आजच परत न्या."

"नेऊन काय करू? लोणचं घालू?"

प्रॉस्पेर मटकन खुर्चीत बसला. आपण गेल्यावर लोक चीज खात बसतील, तेवढ्या वेळात आपल्याबद्दल दोन शब्द बोलतील, ही आशा त्याने कधी बोलून दाखवली नव्हती, पण सोडलीही नव्हती. आता त्याला रडू यायला लागलं.

युफेमीने खिडकीतून चौकात हाक मारली, "चला रे, प्रॉस्पेरकाकांचं चीज कापतोय!"

माणसं आली. म्हातारी लेओंतीन तर काळी शाल गुंडाळूनच आली.

"मेलो नाहीये मी अजून!" प्रॉस्पेर ओरडला.

"म्हणून काय रीत सोडायची?" ती म्हणाली आणि सुरी मागितली.

चीज दगडासारखं कडक होतं. किडलेला भाग तासून टाकला, वाइन आली. पाटाच्या पाण्यावरून ज्याच्याशी त्याचं वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, तो कांदीद घास चघळत म्हणाला, "माणूस वाईट खवट. पण माझी गाय अडली होती, तेव्हा न बोलावता हाच आला होता."

"होता काय? आहे!" प्रॉस्पेर म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. हळूहळू चाक संपत आलं, तसा त्याचा चेहरा पुन्हा उतरला.

"खाल्लंत सगळं. आता खरोखर मेलो की काय खाल?"

"माझं चाक आहे ना घरी," युफेमी टेबल पुसत म्हणाली. "ते कापू."

"अगं, ते तुझं आहे!"

"मग? तुमचं आधी होऊ दे."

प्रॉस्पेरने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि मान खाली घालून उरलेलं टेबल स्वतःच पुसायला लागला.