चाकूतला पीळ

बिरदेवाला कुणी सहज "काय चाललंय?" म्हणून विचारलं, की त्याचा हात पँटच्या खिशात जायचा. समोरच्याला वाटायचं, तंबाखूची पुडी निघतेय. निघायचा चाकू. त्याला एक सोडून दहा-बारा पाती. नखानं एकेक उघडत बिरदेव उलट त्यालाच विचारायचा, "बाकी सगळं कळलं, पर ह्ये एवढं कशासाठी आसंल, सांगा बरं?" तो बापडा एसटी पकडायच्या घाईत; त्यानं काय सांगावं? पण दुसऱ्याची घाई बिरदेवाला कधी दिसलीच नाही. सणसरच्या स्टँडवर तो येताना दिसला की निम्मे लोक चहा तसाच टाकून उठायचे.

भवानीनगरच्या कारखान्यात तो पंपफिटर होता. घराणं मेंढरंवाल्यांचं. बाप सावळाराम तरुणपणी कळप घेऊन कोकणात उतरायचा. पुढं पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली आणि घर एका जागी बसलं. सावळारामआबांनी उभा जन्म एका चाकूवर काढला होता. त्याच चाकूनं मेंढराचा खूर तासला, पायातला काटा काढला आणि भाकरीबरोबरचा कांदाही चिरला. त्यामुळं पोराचं हे वेड त्यांच्या डोक्यावरून जायचं. "हत्यार कसं, एका कामाचं आसावं," ते म्हणायचे. "बारा कामं येत्यात म्हणणारा गडी एक बी धड करत न्हाय."

नव्वद साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. बारामतीच्या बाजारात बिरदेवानं पहिला लाल चाकू घेतला तो पेरू कापायला. थोड्याच दिवसांत त्याची स्प्रिंग मेली आणि पाती जिभेसारखी बाहेर लोंबायला लागली. दुसऱ्या कुणी फेकून दिला असता. ह्यानं रिवेट कापून सगळा चाकू उलगडला, एकेक तुकडा वर्तमानपत्रावर मांडला, आणि तिथंच हा माणूस बिघडला. मग कुणी पुण्याला निघालं की हाही सोबत निघायचा आणि तिथल्या जुन्या बाजारात घड्याळांच्या, चष्म्यांच्या ढिगाऱ्यात हात घालून लाल काहीतरी शोधत बसायचा.

हळूहळू त्याला अस्सल विलायती कुठला आणि नकली कुठला, हे कळायला लागलं. नकली चाकूच्या मुठीवरचा क्रॉस रंगानं काढलेला, घाम लागला की पुसणारा. अस्सलचा धातूचा, मुठीत बसवलेला. अस्सल पातं मिटताना शेवटी 'टक्' असं म्हणायचं. नकली नुसतं पडायचं. पात्याच्या मुळाशी बारीक इंग्रजी अक्षरं असायची, ती तो भिंगातून वाचायचा. वाचून कळायचं काहीच नाही, पण वाचायचा. त्याच्याकडं पुढं डबाभर चाकू जमले. त्यातला अस्सल एकच. बाकीच्यांवर तो हवे ते प्रयोग करायचा. प्लास्टिकची मूठ काढून मेंढ्याच्या शिंगाची बसवायची, मोडक्या करवतीच्या पात्यातून ठिबकच्या नळीचं भोक मोकळं करायची सळई घासायची, उसाचा डोळा काढायला गोल पातं लावायचं. अस्सल चाकूला मात्र त्यानं कानस कधी लावली नाही.

आणि त्याच चाकूनं त्याच्या डोक्याचं भरीत केलं होतं. त्याचं एक पातं खरबरीत होतं, त्यावर फूटपट्टीसारख्या रेघा. ते कशासाठी? शिंपी म्हणाला, कापड मोजायला. न्हावी म्हणाला, टाचा घासायला. दवाखान्यातला कंपाउंडर क्रॉसवर बोट ठेवून म्हणाला, "आरं, हा आमच्या लायनीतला चाकू हाय, तुझ्याकडं कसा?" एक बारीक आकडा होता, तो कुणी दात उपटायचा ठरवला, तर कुणी बाजेची सुतळी ओढायचा. बिरदेव सगळ्यांचं खरं मानायचा आणि रात्री अंथरुणात पडून कुणाचंच खरं मानायचा नाही.

फक्त एका पात्याबद्दल त्याच्या मनात तीळभर शंका नव्हती. चाकूच्या पाठीला तारेचा एक पीळ होता, टोकदार. पंपाचा दांडा जिथून आत शिरतो तिथं पाणी गळू नये म्हणून वंगण लावलेली दोरी ठासलेली असते; तिला ग्लँडदोरी म्हणतात. ती झिजली की जुनी उकरून काढावी लागते, आणि त्यासाठी फिटरकडं असाच पीळ असतो. बिरदेवानं ह्या चाकूच्या पिळानं दोन-तीन विहिरींवरच्या पंपांची दोरी काढूनही दाखवली होती. "तिकडच्या कंपनीनं पंपवाल्याचा ईचार केलाय बघा," तो अभिमानानं सांगायचा. तेवढं एक पातं होतं म्हणून त्याला जगात काहीतरी पक्कं आहे असं वाटायचं.

सव्विसाव्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. निमगाव केतकीच्या दत्तोबांची धाकटी मुलगी सारजा. मुलगी बघायला गेला तेव्हा ती पोह्यांची बशी ठेवून समोर बसली, आणि सगळा वेळ बिरदेवानं खिशात हात घातला नाही. आबांनी तेवढ्यावरून ओळखलं, की पोरगं ह्या पोरीवर पुरतं भाळलंय. घरी येताना एसटीत तो एवढंच म्हणाला, "आबा, हितंच करायचं. दुसरीकडं न्हाय."

दत्तोबा माळकरी. मुलगा निर्व्यसनी हवा, एवढी एकच अट त्यांनी घातली होती, आणि ती उगाच नव्हती. थोरली मुलगी दगडाबाई पाच वर्षं दारुड्या नवऱ्याच्या घरात काढून परत आली होती. कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत व्रण घेऊन आली होती. तिच्या लग्नात दत्तोबांनी जमीन बघितली, घर बघितलं, बैल बघितले. जावयाच्या तोंडाचा वास तेवढा घ्यायचा राहिला.

हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड द्यायचं, कट्यार नाहीतर सुरी, टोकाला लिंबू खोचायचं, आणि अक्षता पडेपर्यंत ते हातातून खाली ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आबांनी भावकीतून कट्यार मागून आणली. बिरदेव म्हणाला, "माझा चाकू हाय की."

"त्यो इस्टीलचा. रीत लोखंडाची हाय."

बिरदेवानं मोटारीतला लोहचुंबक आणला आणि पात्याला लावला. चुंबक चिकटला. आता ह्याच्यावर काय बोलणार? आबांनी कपाळाला हात लावला आणि लिंबू पुढं केलं.

लग्न निमगावला, मुलीच्या दारात. गोरज मुहूर्त. जानवशाला बिरदेव मुंडावळ्या बांधून बसला होता, आणि नुसतं बसून राहिलं की हाताला चाळा लागतोच. मोठ्या पात्यावर लिंबू, आणि हा खालची पाती उघडतोय, मिटतोय. तेवढ्यात वराला न्यायला मुलीकडची मंडळी आली. पुढं सारजाचा मामा हिंदुराव, मिलिटरीतून रिटायर झालेला. त्यानं वाकून नवरदेवाचा हात बघितला आणि मिशीत हसला. "वा पावणं! तयारीचं दिसताय. बूच काढायचा पीळ संगच ठिवलाय!"

"कसलं बूच?" मागून दत्तोबा म्हणाले.

"विलायती दारूच्या बाटलीचं. आमच्या सायबांच्या मेसमधी आसायचा ह्यो. ह्याचं दुसरं कामच न्हाय."

जानवशातली मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. बिरदेव मात्र मनापासून हसला, कारण मामाची चूक त्याला दिसत होती. "न्हाय वो मामा, ग्लँडदोरी काढायचा पीळ हाय ह्यो. पंपाचा." आणि त्यानं भर जानवशात पंपाचा दांडा, गळती, दोरी सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. तो जितकं सांगायला लागला तितके दत्तोबा पांढरे पडत गेले. कारण सफाई जास्त द्यायला लागला की माणूस चोर ठरतो.

"हिंदुराव," दत्तोबा म्हणाले, "खरंखोटं माझ्यापुढं व्हऊ द्या. एक पोर आगीत घातली म्या. दुसरी न्हाय घालायचा."

हिंदुरावाकडं एका साहेबानं निरोपाला दिलेली विलायती बाटली होती. उघडायला हत्यार नाही म्हणून ती कपाटात तशीच राहिली होती, आणि गाव त्याला मामाचा संयम समजत होतं. मामाचं घर गावातच, तो स्वतः पळत जाऊन ती घेऊन आला. माळकऱ्याच्या मांडवात असलं काही नको, म्हणून मंडळी दत्तोबांच्या घरामागच्या गोठ्यात गेली. मांडवात बँड वाजत होता, भटजी घड्याळ बघत होते. गोठ्याच्या दारात दगडाबाई येऊन उभी राहिली. हातात अक्षतांचं ताट होतं, ते ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं.

"द्या इकडं चाकू," हिंदुराव म्हणाला.

"देऊ नगंस!" आबा ओरडले. "हळदीच्या नवऱ्यानं हातातलं लोखंड दुसऱ्याला द्यायचं नसतंय. काय करायचं ते त्येलाच करू द्या."

म्हणजे आता नवरदेवानंच, मुंडावळ्या बांधून, सासऱ्यासमोर, दारूची बाटली उघडायची. बिरदेवाला कशाचाच मेळ लागेना. बाटली कुठं धरायची हेही त्याला कळेना; त्यानं ती काखेत धरली, मग गुडघ्यांत दाबली. हिंदुरावानं वरचा कागद काढून दिला. आत फिकट तपकिरी, मऊ असं काहीतरी होतं. बिरदेवानं पिळाचं टोक त्यावर टेकवलं आणि फिरवलं. पीळ आत शिरला. सहज, सरळ शिरला. पंपाच्या दोरीत तो असा कधीच शिरला नव्हता. तिथं अडायचा, वाकडा व्हायचा, दोरीच्या चिंध्या करायचा. बिरदेवाचा हात थांबला. मग त्यानं श्वास धरून ओढलं. लिंबू गदागदा हललं आणि बूच 'टुप्प' करून बाहेर आलं.

आंबूस गोड वास गोठ्यात पसरला. आणि बिरदेव, त्याचं नशीब, तो आनंदानं ओरडला, "व्हय की! ह्याच्यासाठीच केलाय ह्यो! बघा बघा, पिळाची लांबी बुचाएवढीच ठिवलीय!"

आबांनी डोळे मिटून घेतले. दत्तोबांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं. "झालं," ते म्हणाले. "त्येच्याच तोंडानं निघालं. लगीन न्हाय व्हायचं."

तेव्हा कुठं बिरदेव भानावर आला. आपण काय बोललो ते त्याला आठवेना, पण काय गेलं ते लख्ख कळलं. सारजा गेली. "मला ठावं न्हवतं," तो म्हणाला. "आईची आण. मी बूचच आज बघतोय. ह्यो पीळ... ह्यो मी मोडून टाकतो. आत्ता मोडतो." आणि ज्या चाकूला त्यानं कधी कानस लावली नव्हती, त्याचा पीळ तो गव्हाणीच्या दगडावर आपटायला लागला.

"चाकूतला काढशील," दत्तोबा म्हणाले, "घशातला कसा काढशील?"

बिरदेवाला आता हेच समजेना, की न पिणारा माणूस न पिणारा आहे हे दाखवायचं कसं. त्यासाठी काही हत्यार असतं का? तो पिळात अडकलेलं बूच बघत उभा राहिला. बघता बघता त्यानं नकळत ते उलटं फिरवून सोडवलं आणि त्याला पडलेलं भोक आरपार गेलंय का, ते उजेडाकडं धरून तपासलं. हे सुचायची ती वेळ होती का? पण तो तसाच होता, त्याला इलाज नाही.

"आबा," दारातून दगडाबाई म्हणाली. दोघेही आबा वळले, पण ती बापाशी बोलत होती. "लगीन मोडू नगा."

"तू गप ऱ्हा, दगडे. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मलाच कळतंय." ती ताट तसंच धरून आत आली. "पाच वरसं म्या दुसरं काय बघितलं? बाटली उघडली की पिणारा बाटलीकडं बघतो, आबा. घरात पोर रडू दे, भिंत पडू दे, त्यो बाटलीकडंच बघतो. तुमच्या जावयाला तर बाटली धरता बी येत न्हाय. आन् बूच निघाल्यापासनं त्यो नुसता बुचाकडं बघतोय."

सगळ्यांनी बिरदेवाकडं बघितलं. त्यानं घाईघाईनं बूच मुठीत लपवलं. मग सगळ्यांनी हिंदुरावाकडं बघितलं. मामानं बाटली कधीच उचलून छातीशी धरली होती आणि त्याचं नाक तिच्या तोंडाशी होतं.

गोठ्यात कुणीतरी हसलं. दत्तोबा हसले नाहीत. ते थोरल्या मुलीच्या कपाळावरच्या व्रणाकडं बघत होते, आणि दगडाबाईला ते दिसलं.

"माझ्या येळंला," ती हळू म्हणाली, "आसं गोठ्यात न्हेऊन कुणी बघितलं असतं, तर लई बरं झालं असतं, आबा."

दत्तोबांनी डोळ्यांना उपरणं लावलं. मग त्यांनी दगडाबाईच्या हातातलं अक्षतांचं ताट आपल्या हातात घेतलं, दुसऱ्या हातानं बिरदेवाचं मनगट धरलं आणि त्याला मांडवाकडं चालवलं. बिरदेव मुकाट्यानं मागं निघाला. आपण वाचलो ते नेमकं कशानं, हे त्याला अंतरपाट धरेपर्यंत उमगलं नव्हतं.